ग्रेन-फ्री किबल सुरू करताना: आधी कारण तपासा, मग दहा दिवस घ्या

आमची कुत्री शेरी चार वर्षांची असताना पुढचे दोन्ही पंजे सतत चाटायला लागली. पांढरे केस थुंकीने तांबूस झाले, कानाला आंबूस वास यायला लागला आणि रात्री तिच्या खाजवण्याने गळ्यातली घंटी वाजत राहायची. कुणीतरी अगदी खात्रीने सांगितलं, ‘गव्हाची ॲलर्जी आहे, ग्रेन-फ्री सुरू करा.’ म्हणजे धान्य नसलेलं किबल, कुत्र्यांचं कोरडं दाणेदार खाणं. मी दुसऱ्याच दिवशी पाकीट आणलं आणि त्याच संध्याकाळपासून वाडग्यात फक्त तेच घातलं. तिसऱ्या रात्री तिला पाच वेळा जुलाब झाले. मी फरशी पुसत होते आणि ती कोपऱ्यात शेपूट पोटाशी घेऊन माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून विसरले नाही.

सहा आठवडे गेले तरी खाज होती तिथेच. मग आमच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं मागवली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. जुन्यात चिकन, नव्यातही चिकन. गहू आणि मका गेले होते, त्यांच्या जागी वाटाणा आणि बटाटा आले होते, बाकी सगळं तेच. पुढे रीतसर तपासणी झाली तेव्हा कळलं, शेरीला चिकनच सोसत नाही. चिकन नसलेलं, तिला मानवेल असं जे खाणं मिळालं ते माशांचं होतं आणि योगायोगाने ग्रेन-फ्री होतं. म्हणून मला हा बदल दुसऱ्यांदा करावा लागला. त्या वेळी बारा दिवस घेतले, रोज वजनकाटा वापरला, आणि एकदाही पोट बिघडलं नाही.

ग्रेन-फ्री म्हणजे नेमकं काय गाळलेलं असतं

मराठीत इथे एक घोळ होतो. आपण डाळी-वाटाण्यालाही धान्यच म्हणतो, कडधान्य हा शब्दच तसा आहे. पाकिटावरचं ‘ग्रेन’ मात्र फक्त तृणधान्यांपुरतं असतं: गहू, तांदूळ, मका, जव, ओट्स. म्हणजे ग्रेन-फ्री किबलमध्ये वाटाणा, मसूर, हरभरा भरपूर असू शकतात, बहुधा असतातच. त्यांच्या जोडीला बटाटा, रताळं किंवा टॅपिओका (कसावा कंदाचा स्टार्च). किबलचा दाणा यंत्रातून फुगून बाहेर पडायला आणि आकार धरून राहायला स्टार्च लागतो. धान्य काढलं की तो स्टार्च दुसरीकडून आणावा लागतो.

त्यामुळे ‘ग्रेन-फ्री म्हणजे कार्बोहायड्रेट कमी’ ही समजूत चुकीची आहे. पाकिटावर कार्बोहायड्रेटचा आकडा सहसा नसतो, पण तो काढता येतो. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारे क्षार) या पाचांच्या टक्क्यांची बेरीज करा आणि ती १०० मधून वजा करा. समजा प्रथिनं २६, चरबी १५, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८. बेरीज ६३, म्हणजे कार्बोहायड्रेट सुमारे ३७ टक्के. राखेचा आकडा दिलेला नसेल तर ८ धरा, अंदाजाला तेवढं पुरतं. दोन पाकिटांचं हे गणित करून बघा, धान्याचं आणि बिनधान्याचं. फरक पुष्कळदा अगदी थोडा निघतो.

‘कुत्र्याला धान्य पचतच नाही’ हेही खरं नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनात कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना झाली. स्टार्च पचवणारं अमायलेज हे पाचकद्रव्य बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्याचं पोट बदलत गेलं. नीट शिजवलेला तांदूळ किंवा ओट्स बहुतेक कुत्रे सहज पचवतात.

आधी कारण लिहून काढा

हा भाग वगळू नका. कागदावर एक वाक्य लिहा: ‘मी हा बदल ... साठी करत आहे.’ रिकामी जागा नीट भरता आली नाही तर थांबा.

खाज हे सर्वात नेहमीचं कारण. पण खाज सुटणाऱ्या कुत्र्यात आधी पिसवा बघायच्या असतात. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे जास्त खाजवत असेल तर पिसवांचा संशय घ्या. एकही पिसू दिसली नाही तरी संशय सोडू नका, कारण ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला दोन-चार चावेही पुरतात. मग येतात घरातल्या धुळीतले सूक्ष्म माइट्स आणि परागकण. त्यानंतर बुरशी आणि बॅक्टेरियाचा संसर्ग. अन्नाची ॲलर्जी या यादीत खाली असते. ती असली तरी धान्य हे मुख्य गुन्हेगार नाही. २०१६ साली २९७ ॲलर्जिक कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या तेव्हा बीफ ३४ टक्के कुत्र्यांत, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्क्यांत, चिकन १५ टक्क्यांत आणि गहू १३ टक्क्यांत कारणीभूत दिसला. मका ४ टक्के. म्हणजे गव्हाची ॲलर्जी खरी आहे, पण मांसाचा नंबर आधी लागतो. शेरीच्या बाबतीत हे आकडे मला आधी माहीत असते तर तिचे सहा आठवडे वाचले असते.

आणि गहू सोसत नाही म्हणजे सगळीच धान्यं सोसत नाहीत, असंही नसतं. फक्त गहू नडत असेल तर तांदळाचं किबल चालू शकतं.

धान्य टाळण्याची पक्की वैद्यकीय कारणंही आहेत, ती थोडी आहेत इतकंच. आयरिश सेटर जातीत ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या प्रथिनामुळे, आतड्यांचा आनुवंशिक विकार आढळतो. बॉर्डर टेरियरमध्ये अंग आखडण्याचे झटके येतात आणि ग्लुटेन बंद केल्यावर त्यातल्या अनेकांना आराम पडतो. तुमच्या कुत्र्याला अशा कारणासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा माझ्यासारखं हव्या त्या मांसाचं खाणं फक्त ग्रेन-फ्रीमध्येच मिळत असेल, तर बदल जरूर करा. ‘जास्त नैसर्गिक वाटतं’ एवढंच कारण असेल तर पुढचा भाग वाचून ठरवा.

हृदयाची गोष्ट

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर केलं की काही विशिष्ट खाणं खाणाऱ्या कुत्र्यांत डायलेटेड कार्डिओमायोपथी, थोडक्यात डीसीएम, आढळत आहे आणि त्याची चौकशी सुरू आहे. या आजारात हृदयाचे स्नायू पातळ आणि कमजोर होतात, हृदय फुगतं आणि रक्त नीट पुढे ढकललं जात नाही. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर, आयरिश वुल्फहाउंड या जातींत हा आजार आनुवंशिक असतो हे आधीपासून माहीत होतं. काळजीची गोष्ट अशी की ज्या जातींत तो सहसा दिसत नाही त्यांच्याही नोंदी यायला लागल्या. जून २०१९ च्या अहवालात, नोंद झालेल्या खाण्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ग्रेन-फ्री होती आणि ९३ टक्क्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर होता.

डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने सांगितलं की ठोस नवी माहिती येईपर्यंत आणखी जाहीर निवेदनं दिली जाणार नाहीत. तोवर १,३८२ नोंदी झाल्या होत्या. अमुक खाण्यामुळे आजार होतो असं कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण आरोप फेटाळला गेला असंही नाही, आणि दुकानदार बऱ्याचदा ‘ते सगळं मिटलं’ असं सांगतात ते बरोबर नाही. खाणं बदलल्यावर काही कुत्र्यांचं हृदय सुधारल्याच्या नोंदी आहेत, आणि जनुकांमुळे होणाऱ्या डीसीएममध्ये असं सहसा होत नाही. म्हणून मी ही गोष्ट गांभीर्याने घेते.

संशय ‘धान्य नसण्यावर’ कमी आणि ‘कडधान्य फार असण्यावर’ जास्त आहे. त्यामुळे कडधान्य किती आहे हे बघणं तुमच्या हातात आहे. पाकिटावर ‘टॉरिन घातलेलं’ असं लिहिलेलं असलं तरी त्यावर निश्चिंत होऊ नका. टॉरिन हे हृदयाला लागणारं अमिनो आम्ल खरं, आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये त्याची कमतरता आढळली आहे, पण आजारी पडलेल्या कितीतरी कुत्र्यांच्या रक्तात ते नेहमीइतकंच होतं.

वर सांगितलेल्या जातींपैकी एखादी, किंवा गोल्डन रिट्रीव्हर किंवा कॉकर स्पॅनियल तुमच्या घरी असेल, तर बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. पुढे तुलनेला आधीचा रिपोर्ट हाताशी असतो. ज्या कुत्र्याच्या हृदयात आधीच मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू येते त्याला हे खाणं मी स्वतःहून कधीच सुरू करणार नाही.

पाकीट कसं वाचायचं

पुढची बाजू सोडा, मागची वाचा. सर्वात आधी ‘संपूर्ण व संतुलित आहार’ अशा अर्थाचं विधान शोधा आणि ते कोणत्या वयासाठी आहे ते बघा: प्रौढ, वाढतं पिल्लू की सर्व वयोगट. पशुआहाराचे निकष ठरवणाऱ्या, अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफ या संस्थांच्या निकषांचा उल्लेख बहुधा तिथेच असतो. आफ्कोच्या निकषानुसार ओलावा वगळून प्रौढ कुत्र्याला निदान १८ टक्के आणि पिल्लाला व गाभण कुत्रीला निदान २२.५ टक्के प्रथिनं हवीत. ‘पूरक आहार’ असं लिहिलेलं असेल तर ते रोजचं जेवण नव्हे. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, म्हणजे मोठेपणी ३२ किलोच्या पुढे जाणारं, तर त्याच्यासाठी खास चालतं असं लिहिलेलं हवंच. अशा पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं की हाडं बिघडतात.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे यादीत ते पहिलं दिसलं तरी वाळल्यावर खाली घसरतं. ‘चिकन मील’ किंवा ‘फिश मील’ आधीच वाळवलेलं असतं. ते ऐकायला कमी दर्जाचं वाटलं तरी त्यात प्रथिनं दाटून असतात.

आता पेन्सिल घ्या आणि कडधान्याचे सगळे शब्द अधोरेखित करा. वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा स्टार्च, वाटाण्याचे तंतू, मसूर, हरभरा. एकाच वाटाण्याचे तीन-चार तुकडे करून लिहिले की प्रत्येक तुकडा यादीत खाली जातो आणि मांस वर राहतं. तुकडे मनात एकत्र करून बघा, क्रम पार बदलतो. पहिल्या पाच घटकांत दोन किंवा अधिक कडधान्याचे निघाले तर मी ते पाकीट परत ठेवते. हा माझा नियम आहे, कुठल्या संस्थेचा नव्हे.

आणि खाजेसाठी बदल करत असाल तर जुन्या आणि नव्या पाकिटातली मांसं जुळवा. ‘सॅल्मन रेसिपी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या खाण्यात सातव्या नंबरावर ‘चिकन फॅट’ किंवा ‘अंडं’ असू शकतं. यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची.

शेवटी कॅलरी. १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी, हा आकडा पाकिटावर नसेल तर कंपनीला विचारा. तोही सांगता येत नसेल, किंवा रेसिपी पशुआहार शास्त्रातल्या तज्ज्ञाने बनवली का या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर दुसरी कंपनी बघा.

किती ग्रॅम द्यायचं

बदलात सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. माणसं जुन्या खाण्याचा एक डबा काढून नव्याचा एक डबा घालतात. पण ग्रेन-फ्री खाणी पुष्कळदा जास्त चरबीची आणि दाट असतात. डबा तेवढाच, कॅलरी जास्त, आणि तीन महिन्यांनी कुत्रं जाड.

हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. शेरी २० किलोची. २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८,०००. एकदा वर्गमूळ ८९.४, पुन्हा वर्गमूळ ९.४६, गुणिले ७० म्हणजे साधारण ६६२. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात, न झालेल्यासाठी १.८ ने. शेरीचे झाले १,०६०. जाड किंवा आळशी कुत्र्याला यातून कमी करावं लागतं, आणि पिल्लांचा हिशोब वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून घ्या.

शेरीच्या जुन्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी होत्या, म्हणजे दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम. नव्यात ४००, म्हणजे २६५ ग्रॅम. दाणे वाडग्यात ओतल्यावर हा फरक डोळ्यांना कळत नाही, काट्यावर लगेच कळतो. किचनमधला साधा वजनकाटा पुरे. यात खाऊसुद्धा मोजायचा: बिस्किटं, चीजचा तुकडा, सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको.

बदलाचे दहा दिवस

घाई का करायची नाही? आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. वाटाण्यातले तंतू आणि साखरी अचानक आल्या की त्या मोठ्या आतड्यात आंबतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं आणि शी पातळ होते. जास्त चरबी अचानक आली की स्वादुपिंडावर ताण पडतो. थोडं थोडं वाढवलं की पोट जुळवून घेतं.

जुनं खाणं किमान दोन आठवडे पुरेल एवढं शिल्लक असताना सुरुवात करा. जुनं संपलं म्हणून नवं आणलं, ही सुरुवातच चुकीची. घरात पाहुणे, प्रवास, लस, जंताचं औषध किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर पुढचा आठवडा निवडा, नाहीतर पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही.

शेरीचे आकडेच सांगते. पहिले तीन दिवस तीन चतुर्थांश जुनं आणि एक चतुर्थांश नवं, म्हणजे २२५ ग्रॅम जुनं आणि ६५ ग्रॅम नवं. चौथ्या दिवसापासून निम्मं-निम्मं, १५० आणि १३०. सातव्यापासून ७५ जुनं, २०० नवं. दहाव्या दिवशी पूर्ण २६५ ग्रॅम नवं. मी निम्म्या-निम्म्यावर दोन दिवस जास्त थांबले, कारण पाचव्या दिवशी तिच्या पोटात गुडगुड ऐकू येत होती. म्हणून बारा दिवस झाले. ज्या कुत्र्याचं पोट नेहमीच नाजूक असतं त्याला तीन आठवडेही द्या, काही बिघडत नाही.

दिवसभराचं मिश्रण सकाळीच मोजून एका डब्यात ठेवायचे आणि दोन-तीन वेळांत वाटायचे. दाणे नीट मिसळले पाहिजेत. काही कुत्री नवे दाणे निवडून खातात आणि जुने तोंडातून बाहेर टाकतात, मग काट्यावरचं प्रमाण पोटात पोचत नाही. अशा वेळी थोडं कोमट पाणी घालून पाच मिनिटं मुरू द्या, दाणे एकमेकांना चिकटतात. प्यायला ताजं पाणी कायम हवं.

या दिवसांत दुसरं काहीही नवीन द्यायचं नाही. नवा खाऊ नाही, नवं सप्लिमेंट नाही, शाम्पूसुद्धा तोच. आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगा. आमच्याकडे सासूबाईंना मी फ्रिजवर कागदच लावून दिला होता, आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा काटेकोर पाळला.

रोज शी बघायची

दुसरं कुठलंही मोजमाप इतकं खरं बोलत नाही. चांगली शी एकसंध असते, उचलली की जमिनीवर फारसा डाग राहत नाही, बोटांना मऊ पण आकार धरणारी लागते. ग्रेन-फ्रीवर ती थोडी जास्त होऊ शकते आणि वायू वाढू शकतो, हे पहिल्या आठवड्यात चालतं. आकार आहे पण खाली डाग राहतो, अशी झाली तर पुढच्या पायरीवर जाऊ नका, आहे त्याच प्रमाणावर दोन-तीन दिवस राहा. आकारच नसेल तर मागच्या पायरीवर या. दोनदा मागे यावं लागलं तर ते खाणं त्या कुत्र्याचं नव्हे, सोडून द्या.

शीत रक्त, काळी डांबरासारखी शी, एकापेक्षा जास्त उलट्या, पोट दाबलं की कळवळणं, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, किंवा पूर्ण दिवस काहीच न खाणं: यांत घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. लहान पिल्लात जुलाब आणि उलटी एकत्र आली तर काही तासही जास्त असतात. ज्याला आधी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे, किडनीचा किंवा मूतखड्याचा आजार आहे, किंवा इन्शुलिन चालू आहे, त्याचं खाणं डॉक्टरांना न विचारता बदलूच नका. अशा कुत्र्यांना चरबी, प्रथिनं आणि क्षार मोजून द्यावे लागतात.

खाजेसाठी केलं असेल तर आठ आठवडे

पोटाची तक्रार अन्नामुळे असेल तर दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो. त्वचेला वेळ लागतो, आठ आठवडे धरून चला. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून तिसरं पाकीट आणणं ही नेहमीची चूक आहे.

मात्र दुकानातलं ग्रेन-फ्री किबल ही ॲलर्जीची तपासणी नव्हे. एकाच यंत्रावर वेगवेगळी खाणी बनतात आणि यादीत नसलेल्या मांसाचा अंश येऊ शकतो. रक्ताच्या किंवा केसांच्या चाचण्यांवरही अन्नाच्या ॲलर्जीचं निदान भरवशाने होत नाही. खरी तपासणी म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे हायड्रोलाइज्ड (म्हणजे ॲलर्जी उठू नये इतके बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचं किंवा कुत्र्याने कधीच न खाल्लेल्या एकाच मांसाचं खाणं. त्या काळात बीफ-फ्लेवरची जंताची गोळी नाही आणि चिकन-फ्लेवरची टूथपेस्टही नाही. खाज थांबली की मुद्दाम जुनं खाणं पुन्हा द्यायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर कारण अन्नात आहे हे पक्कं. मग एकेक घटक वेगळा देऊन बघायचा.

बऱ्या झालेल्या कुत्र्याला पुन्हा खाजवायला लावायचं, हे जिवावर येतं. शेरीला चिकन पुन्हा दिलं तेव्हा तिसऱ्या दिवशी ती पंजा तोंडात घेऊन बसली, आणि मला वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं. कारण त्यानंतर अंदाज संपले. धान्याचा तिच्या खाजेशी काही संबंध नव्हता, हेही त्याच तपासणीत कळलं.

पुढचे महिने

दर पंधरा दिवसांनी वजन करा. छोटं कुत्रं कडेवर घेऊन आपण काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बरगड्यांवरून हात फिरवा: न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. वजन वाढत असेल तर दहा टक्के कमी करा आणि पुन्हा बघा.

हृदयासाठी घरी करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती सोपी आहे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होताना बघा. वर आणि खाली मिळून एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. मी रविवारी रात्री शेरीच्या शेजारी जमिनीवर बसून मोजते, तिचे बहुतेक वेळा १६ ते २० येतात, आणि ते कॅलेंडरवर लिहिते. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, तो आकडा धरू नका. सलग काही वेळा ३० च्या वर आला, किंवा खोकला, लवकर दमणं, फिरायला नको म्हणणं, पोट फुगणं, भोवळ येऊन पडणं यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कोणतं खाणं, किती महिन्यांपासून, हे आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा स्टेथोस्कोपने तपासणी हवी. शेरीचा इको आम्ही दरवर्षी करतो.

साठवण थोडक्यात: किबल मूळ पाकिटातच ठेवा आणि ते पाकीट हवाबंद डब्यात. मोकळे दाणे डब्यात ओतले की डब्याच्या तळाशी जुनी चरबी साचते, खवट होते आणि नव्या मालाला लागते. पाकीट सहा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या, गारव्याच्या जागी ठेवा. दाणे हाताळल्यावर हात धुवा, कोरड्या खाण्यातही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सापडला आहे.

आणि रिकामं पाकीट टाकण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा, घटकांची यादी आणि बॅच नंबर दोन्ही दिसतील असा. कंपन्या नाव आणि चित्र तेच ठेवून रेसिपी बदलतात. गेल्या वर्षी शेरीच्या खाण्याच्या नव्या पाकिटात मसूर पाचव्यावरून दुसऱ्या नंबरावर आला होता. फोटो शेजारी धरला म्हणून कळलं. मग त्या पाकिटाला नवीन खाणं समजूनच वागवलं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून बदली सुरू केली, या वेळी तांदूळ असलेल्या माशांच्या किबलकडे. तीन चतुर्थांश जुनं, एक चतुर्थांश नवं, आणि रोज सकाळी काटा.